डब्यातला खालचा थर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. एका बाईने माझ्याकडे काळपट भाजलेली नानकटाई मागितली होती. मी तिच्या डब्यात वरचा थर काळपट घातला आणि खाली माझ्या मनासारखी, बदामी रंगाची नानकटाई भरली. ती विचारायला आली तेव्हा चारचौघींत तिलाच खोटं पाडलं. ऐकणाऱ्याला यात फार मोठं काही वाटणार नाही. बिस्किटांचा रंग तो काय! मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. निदान तसं वाटतंय असं मी स्वतःला सांगत होतो.

सोलापुरात साखर पेठेच्या अंगाला आमची बेकरी आहे. वडिलांनी काढलेली, लाकडाच्या भट्टीची. पाव, खारी, टोस्ट, बटर हा रोजचा माल. पण आमची खरी परीक्षा दिवाळीच्या आधीच्या दिवसांत असते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे बायका घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर, वेलची घेऊन येतात. पीठ आम्ही मळायचं, गोळे पत्र्यांवर मांडायचे, भट्टीत भाजायचे आणि ज्याचा माल त्याच्या डब्यात भरून द्यायचा. आम्ही फक्त भाजणावळ घ्यायची, म्हणजे भाजण्याची मजुरी. आता घरोघर छोटे ओव्हन आलेत, दुकानात सगळं तयार मिळतं, तरी बायका डबे घेऊन येतातच. तूप आपल्या घरचं आहे याची खात्री हवी असते.

ही खात्री ठेवायची म्हणजे आमच्यावर नजर ठेवायची. बेकरीवाले तूप मारतात, हे सोलापुरात लहान मुलालाही माहीत आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. वडिलांच्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिठातला एक लहान गोळा बाजूला जायचा. वडील त्याला 'भट्टीचा वाटा' म्हणायचे. धंदा हातात आल्यावर मी ती पद्धत बंद केली, असं लिहायला आवडलं असतं. कमी केली, एवढंच खरं आहे.

त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर आमच्या बेकरीत जो तो दुसऱ्याकडे चोरासारखा बघत असतो. बायका स्टूल टाकून भट्टीसमोर बसतात, उकाड्यात पदराने वारा घेतात, पण हलत नाहीत. पत्रे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येकीची खूण असते. एक निवृत्त मुख्याध्यापिका प्रत्येक गोळ्यावर ब्लाउजच्या बटणाचा ठसा उमटवते. एकीने एका वर्षी प्रत्येक नानकटाईत लवंग खोचली. दुसऱ्या दिवशी बघतो तर जी येईल तिच्या पिशवीत लवंगा. शेवटी लवंगांचाच घोळ झाला आणि दोघींची भांडणं सोडवताना माझी बायको सुरेखा काउंटरवरून ओरडली, "साकु की आता, पुरे! बिस्किटं आहेत, जमिनीचा तुकडा नाही!" सुरेखा अक्कलकोटकडची. चिडली की तिच्या तोंडात मराठीच्या मधोमध कानडी येतं. एका आजीबाईंनी तर मला सरळ सांगितलं, "अण्णा, हात दाखव." मी दाखवले. त्यांनी हुंगले, आणि "दुसऱ्या कुणाचं तरी तूप चांगलं दिसतंय," असं म्हणून त्या परत स्टुलावर जाऊन बसल्या.

आम्हीही काही कमी नाही. डालडा आणून तूप म्हणून सांगणाऱ्या, जुना रवा आणून बिस्किटं कडू झाली म्हणून भांडणाऱ्या, शेजारणीच्या पत्र्यातली दोन चांगली हळूच उचलणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. एवढी वर्षं भट्टीपाशी काढल्यावर माझी नजरच तशी झाली. कुणी डबा उघडला की मी आधी नाक पुढे करतो. कुणी फार गोड बोललं की मी दोन पावलं मागे सरकतो.

भट्टीवर रशीदभाई असतो. माझ्याच वयाचा. त्याचे वडील माझ्या वडिलांकडे होते. त्याचा कुणावर संशय नसतो, आणि मला वाटायचं की भट्टीच्या उजेडाने त्याचे डोळे अधू झाले असावेत.

खाण्याच्या आवडीनिवडी मात्र मी फार बघितल्या. एक पेन्शनर रोज सकाळी एक खारी घ्यायचे, दुकानासमोर उभं राहून ती मोडायचे, नाकाशी धरायचे आणि कुत्र्याला घालायचे. विचारलं तर म्हणाले, "साखर मला झालीय, नाकाला नाही." चादरीच्या कारखान्यातले एक हिशेबनीस क्रीम रोलला शेंगाचटणी लावून खायचे. समोरच्या गल्लीतल्या एका गरोदर मुलीला भट्टीची वीट चाटावीशी वाटायची. सासू लाजेने मेली होती, पण सुरेखाने त्या पोरीला मागच्या दाराने आत घेतलं आणि भट्टीच्या भिंतीपाशी बसू दिलं. वास घेऊन ती शांत झाली. मला स्वतःला कच्चं पीठ आवडतं, मीठ लावून. सुरेखा मला कणकेतला उंदीर म्हणते.

या सगळ्यांना मी हसून हवं ते देत आलो. माणसं वेगवेगळी असायचीच, असं काउंटरवर मोठ्या तोंडाने बोलायचो. मला वाटायचं मी मोठ्या मनाचा आहे. त्यातल्या कशातच माझं काही जात नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जळका माल ही गोष्ट वेगळी. बेकरीवाल्याला शिवी दिलेली चालते, पण माल जळका म्हटलेलं चालत नाही. वडिलांच्या हातून एखादा पत्रा लागला तर ते तो कुणी बघायच्या आत मागच्या उकिरड्यावर रिकामा करायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

बालमणीबाई पहिल्यांदा आली ती अशा माझ्याकडे, हातात चिंचोका घेऊन.

ती कुंभारीकडच्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहायची. विड्या वळायची. घरची भाषा तेलुगू, त्यामुळे तिच्या मराठीत बाई आणि बुवा यांची थोडी गल्लत व्हायची. तिने दोन पत्र्यांचं पीठ माझ्यापुढे ठेवलं आणि चिंचोका काउंटरवर ठेवला.

"अण्णा, एक पत्रा तुमच्यासारखा. एक पत्रा ह्या रंगाचा. ह्याच्यापेक्षा कमी नको. कोळसा पण नको."

"जाळून पाहिजेत?"

"व्हय. आमचा तम्मुडू तेच खातो."

तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. मला वाटलं लहान पोरगं असेल. तिने सांगितलं, चाळिशीचा आहे. नाव अंबादास. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतो. बोलतो कमी. पांढरं, पिवळं, मऊ असं काही खात नाही. भात नाही, केळं नाही, पाव नाही. करपलेली भाकरी, करपलेला पापड, चणे, खरपूस शेंगा, असं चालतं. दाताखाली आवाज यायला हवा आणि रंग गडद हवा.

"डॉक्टरला दाखवलं नाही का?"

"दाखवलं की. डॉक्टर म्हणाला, खातोय तर खाऊ दे बाई." एवढं बोलून ती हसली. "त्याला भात बघून कसंतरी होतं. तुमाला पाल बघून होतं ना, तसं."

आणि मग तिने असं काही केलं की मी चक्रावलो. ती गेली. स्टूल नाही, खूण नाही, पिठावर नजर नाही. विड्या जमा करायच्या होत्या, दुपारनंतर येते म्हणाली आणि रिकाम्या डब्यावर फडकं टाकून निघून गेली. आमच्या बेकरीत असं करणारी ती एकटीच.

आज मला कळतं की त्या गर्दीत माझ्यावर भरवसा ठेवणारी तेवढी एकच बाई होती. तेव्हा मला उलटं वाटलं. जी राखण करत नाही तिच्या मनात काहीतरी असणार. काय असेल ते मला सापडेना, म्हणून जास्तच वाटत राहिलं. दरवर्षी ती आली की मी सुरेखाला म्हणायचो, "हिच्यावर लक्ष ठेव."

"कशावर ठेवू? ती तर इथं थांबतसुद्धा नाही."

"तेच तर!"

तिचा एक पत्रा आम्ही दरवर्षी काळपट करून देत होतो, म्हणजे रशीदभाई देत होता. मी तिकडे पाठ करून उभा राहायचो. "सेठ, बाई मंगती है तो जला देव ना," तो म्हणायचा. "अपना क्या जाता?"

मग आमच्या रस्त्याला काचेची एक नवी बेकरी झाली. आत थंड हवा, विजेचे ओव्हन. तशात कुणीतरी जळक्या खारीचा फोटो मोबाइलवर पसरवला, शेजारी आमच्या दुकानाची कागदी पिशवी. खारी आमची नव्हती असं मी अजूनही म्हणतो, पण फोटो पेठेभर फिरला. दुकानात कुणी फोन बाहेर काढला तरी मी काउंटरवरच्या मालावर फडकं टाकायचो.

त्या दिवाळीला बालमणीबाई आली आणि म्हणाली, "अण्णा, ह्या वर्षी सगळंच काळं करा."

"सगळं?"

"व्हय. आई गेला श्रावणात. तेव्हापासून तो..."

मागे रांग होती. मी म्हणालो, "बरं बरं, ठेवा तिथं." तिने वाक्य अर्धंच सोडलं, पीठ ठेवलं आणि गेली.

माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. सगळे पत्रे जाळून नेणार. मग त्याचे फोटो निघणार. त्या काचेच्या बेकरीवाल्यांनीच पाठवली असणार हिला. एवढी वर्षं थांबत नव्हती ती याचसाठी. त्या रागात मला दुसरंही एक कारण सापडलं, आणि ते पहिल्यापेक्षा चांगल्या कपड्यातलं होतं. एक धडधाकट माणूस जन्मभर करपलेलं खातो, कारण त्याला कुणी चांगलं दिलंच नाही. वरचा थर संपला की त्याच्या हाताला माझी खरी नानकटाई लागेल. एकदा तोंडात गेली की सुधारेल.

मी रशीदभाईला पत्रे बदामी रंगावर काढायला सांगितले.

"सेठ, बाई का माल है ये."

"बेकरी माझी आहे."

त्याने पत्रे बाहेर ओढले. फक्त एक पत्रा मी पुन्हा आत सारायला लावला. डबे भरायचं काम सुरेखाचं, पण हा डबा मी भरला. खाली बदामी, वर कागद, कागदावर काळपट. कागद कात्रीने गोल कापून बसवला होता. लबाडीतही माझं काम नीटनेटकं असतं.

तीन-चार दिवसांनी, दुकान गच्च भरलेलं असताना ती आली. डबा काखेत.

"अण्णा, खाली पांढरं कोन घातलं?"

आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. खरं बोलायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण स्टुलांवरच्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. इथे माल बदलतो, एवढे शब्द त्यांच्या कानी पडले असते तर दिवाळीच काय, बेकरी बसली असती. असं मला वाटलं.

"भट्टीतून निघालं ते सगळं काळं होतं," मी म्हणालो. "घरी नेऊन डब्यात कुणाची भरली ते तुमचं तुम्ही बघा."

"आमी भरलो? आमी कुटलं भरणार?"

"ते मला काय माहीत? इथं एवढ्या बायांचे पत्रे पडलेले असतात."

मी एवढंच बोललो. पुढचं बाकीच्यांनी केलं. एक बाई हसून म्हणाली, "म्हणजे जाताना उचलली म्हणा की दुसरीच्या पत्र्यातली." दुसरीने आपल्या डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. मग तिसरीने. मुख्याध्यापिका बाई बटणाचे ठसे तपासायला लागल्या. बालमणीबाई त्या उघडणाऱ्या झाकणांकडे बघत राहिली. कुणी तिला चोर म्हटलं नाही. म्हणायची गरजच राहिली नव्हती. तिने डबा परत काखेत घेतला, पायरी उतरली आणि गेली.

भट्टीपाशी रशीदभाई म्हणाला, "झूट बोले सेठ."

"तू तुझी भट्टी बघ."

"वोइच देख रहा हूं," तो म्हणाला, आणि त्या आठवड्यात कामापुरतं सोडून माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या दिवाळीला ती आली नाही. मला आधी बरं वाटलं आणि मग संशय आला. कुंभारीकडची आणखीही काही गिऱ्हाइकं कमी दिसत होती. कुणीतरी म्हणालं, त्या वसाहतीत एक बाई घरीच नानकटाई करून देते. मी ठरवूनच टाकलं की ही तीच. माझ्याकडून शिकून माझीच गिऱ्हाइकं पळवतेय. एका दुपारी दुकान सुरेखावर टाकलं आणि स्कूटर काढली. बिंग फोडायला चाललोय अशा थाटात गेलो.

वसाहतीत सगळ्या घरांची तोंडं गल्लीकडे. दारादारांत बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या. बालमणीबाईही तशीच बसली होती. नानकटाईचा कुठे वासही नव्हता. ती घरी भाजून देणारी बाई चार गल्ल्या पलीकडे राहायची, हिला माहीतही नव्हती.

मला बघून तिचे हात थांबले.

"कशाला आलाव?"

"असंच. इकडे आलो होतो."

"डबे बघायचे का?" तिने शांतपणे विचारलं. "या. बघा. सगळे उघडून दाखवतो."

मी नको नको म्हणत दारातच उभा राहिलो. आत अंबादास होता. पहिल्यांदाच पाहत होतो. उंच, केस चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. गॅससमोर उभा राहून चिमट्याने भाकरीचा तुकडा जाळावर धरत होता. तुकडा काळा झाला की तो मधोमध मोडायचा, दोन्ही अर्धे डोळ्यांजवळ नेऊन आतून बघायचा आणि मग खायचा. पुन्हा दुसरा तुकडा. बोटांच्या टोकांना भाजल्याचे डाग होते, जुने आणि नवेही.

"आई होता तेव्हा आई भाजून द्यायचा," बालमणीबाई म्हणाली. "तो गेला, तेव्हापासून घरात पांढरं दिसलं की हा जेवायचाच नाय, म्हणून सगळं काळं मागितलो. मग माझ्या हातचं खायला लागला, लई दिवसांनी. बिस्किट तर डब्यातून न बघता घ्यायचा. आता माझ्या हातचं काही घेत नाय. म्हणतो, अक्का वर एक घालते, खाली दुसरंच घालते."

मी खिशातली स्कूटरची किल्ली चाचपली.

"मी म्हणलं, अक्का नाय घातला रे. तो म्हणतो, मग कोन? मी काय सांगू, अण्णा?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. बहुधा पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं. पण तिने सांगून उपयोग नव्हता, कारण अंबादासचा आता तिच्यावर विश्वासच नव्हता. ज्या माणसाला जगात कुणाचा संशय घ्यायचं माहीत नव्हतं, त्याला तो मी शिकवला होता. आणि त्याने तो घरातल्या एकाच माणसावर घेतला, कारण घरात माणूसच एक होतं.

तेव्हाही मी बोललो नाही. तिने चहा विचारला, मी घाईत आहे म्हणालो. स्कूटर चालू होईना तेव्हा गल्लीतल्या बायका हसल्या. हाताने ढकलत नेली.

मग मी भित्र्या माणसाचा उपाय केला. चिंचोक्याच्या रंगाची, शुद्ध तुपातली डबाभर नानकटाई भाजवून घेतली आणि रशीदभाईच्या हाती पाठवली. तो संध्याकाळी डबा तसाच घेऊन परत आला. झाकण उघडून माझ्यापुढे ठेवला. आतल्या एकूण एक नानकटाईचे दोन तुकडे केलेले होते. एकही खाल्लेली नव्हती.

"सब तोडके देखा," तो म्हणाला. "फिर मेरेकू पूछा, कौन भेजा? मैं बोला, सेठ भेजे. बोला, कायकू भेजे?" रशीदभाईने कपाळावरचा घाम पुसला. "मैं क्या बोलता सेठ? तुम बोलो."

सुरेखा काउंटरवरून ऐकत होती. तिला तोवर पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. त्या रात्री जेवताना मी ती सांगितली. तिचा संताप होईल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "तो डबा तुम्ही माझ्या हातून काढून घेतला होता, तेव्हा मला वाटलं आज मदत करताय." आणि ताट उचललं. मला वाटतं, त्या दिवसापासून मी काही मदत करायला गेलो की ती आधी माझे हात बघते. यात तिची काही चूक नाही.

तरी मला जायला आणखी एक दिवाळी लागली. कारणं सांगत नाही. प्रत्येक कारण मी जपून ठेवलं होतं आणि त्यातलं एकही आता लिहिण्याजोगं वाटत नाही. मध्यंतरी एकदाच ती मला बाजारात दिसली, अशोक चौकाजवळ. तिने मला पाहिलं आणि हातातली पिशवी पदराखाली घेतली. भाजी होती पिशवीत, कोथिंबीर बाहेर डोकावत होती. माझ्यासमोर तिला भाजीसुद्धा झाकून न्यावीशी वाटली.

गेल्या दिवाळीच्या आधी, ऐन गर्दीच्या दिवसांत, दुपारी दुकान सोडून निघालो. बरोबर काही घेतलं नाही. मी काहीही नेलं असतं तरी ते मोडूनच बघावं लागलं असतं. गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका होत्याच. मला ते मनातून नको होतं, आणि म्हणूनच ती वेळ निवडली होती. तिला खोटं पाडलं ते माणसांत, मग खरं एकांतात बोलून भागलं नसतं.

बालमणीबाई दारात होती. मी म्हणालो, "अंबादासला बाहेर बोलवा. मला त्याच्याशी बोलायचंय."

"तो बोलत नाय कुणाशी."

"ऐकेल तर?"

तिने आत वळून तेलुगूत काहीतरी म्हटलं. अंबादास दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होता. हात रिकामे होते.

"अंबादास, मी बेकरीवाला," मी म्हणालो. मोठ्याने बोललो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "त्या डब्यात खाली पांढरी बिस्किटं होती ना, ती तुझ्या अक्काने घातली नव्हती. मी घातली. तिला माहीतसुद्धा नव्हतं."

बायकांचे हात थांबले. सुपातली पानं सळसळायची बंद झाली. अंबादासने एकदा बहिणीकडे बघितलं, मग परत माझ्या हातांकडे.

"कशाला?" तो म्हणाला.

इतकं साधं विचारलं त्याने, आणि मी एवढ्या वर्षांत त्याचं साधं उत्तर तयार केलं नव्हतं. "मला वाटलं, तुम्ही माझं नाव खराब करायला आलाय," मी म्हणालो. "आणि वाटलं, तुझी जीभ मी सुधारीन."

त्याने बहिणीच्या सुपाकडे बघितलं. मग म्हणाला, "आमी तर बिस्किट मागितलो."

"हो," मी म्हणालो. "तुम्ही बिस्किट मागितलं. तेवढंच मागितलं. बालमणीबाई, तुम्ही कुणाच्या पत्र्यातलं काही उचललं नव्हतं. मला ते माहीत होतं. माहीत असून मी सगळ्यांसमोर खोटं बोललो, आणि त्या बायांनी झाकणं उघडून बघितली तेव्हा गप्प बसलो. अंबादास, अक्काने तुला कधीच फसवलं नाही. फसवलं मी. माझं चुकलं. दोघांनीही मला माफ करा, आणि करावंसं वाटलं नाही तर करू नका, पण तिच्या हातचं खा."